श्रीपाळ रासातलं सोपारक, आपल्या शेजारचं सोपारा



चैत्राची आणि आसोची ओळी आली की आयंबिल करून आपण श्रीपाळ राजाचा रास ऐकायला बसतो. मयणासुंदरी, उज्जैन, धवल शेठ ही नावं आपल्याला तोंडपाठ असतात. रासात पुढे सोपारक नगर येतं. तिथल्या महासेन राजाच्या मुलीला, तिलकसुंदरीला, साप चावतो आणि नवपदाच्या प्रभावाने श्रीपाळ तिचं विष उतरवतो. आपण हात जोडतो आणि पुढच्या ढाळेकडे वळतो. हे नगर कुठे असेल, असा प्रश्न फारसा कुणाच्या मनात येत नाही.

हे सोपारक म्हणजे आपलं नालासोपारा. बोईसर-पालघरहून लोकलने जाताना विरारच्या पुढचं स्टेशन. मुंबईला जाताना आपण शेकडो वेळा त्यावरून गेलो आहोत. आज तिथली माहिती लिहिते आहे, म्हणजे कधी सवड काढून मुलांना घेऊन गेलात तर काय पाहायचं आणि का पाहायचं, हे आधीच ठाऊक असेल.

दोन नद्यांमधलं बंदर

सफाळे सुटलं की गाडी वैतरणेच्या मोठ्या पुलांवरून जाते. खिडकीतून ते रुंद पाणी पाहिलं की सोपाऱ्याचा निम्मा इतिहास समजतो. वसई-सोपारा हा पूर्वी बेटासारखाच प्रदेश होता. उत्तरेला वैतरणेचं मुख, दक्षिणेला उल्हास नदीची म्हणजे वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि आतल्या बाजूने या दोन पाण्यांना जोडणारी सोपाऱ्याची खाडी. समुद्राच्या माऱ्यापासून सुरक्षित अशा या आतल्या पाण्यात जहाजं नांगर टाकत. घाटावरून नाणेघाटाने उतरलेला माल कल्याण-सोपाऱ्याला येई आणि इथून जहाजाने परदेशी जाई.

महाभारतात या गावाचं नाव शूर्पारक असं येतं. पाली ग्रंथांत ते सुप्पारक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तकात भडोच आणि कल्याणबरोबर सुप्पारा नाव आहे. पुढच्या शतकात टॉलेमीनेही ते नोंदलं. अरब लेखक त्याला सुबारा म्हणत. आपले आचार्य जिनप्रभसूरी यांनी चौदाव्या शतकात 'विविधतीर्थकल्प' लिहिला. त्यात चौऱ्याऐंशी तीर्थांच्या यादीत सोपारक आहे आणि तिथल्या श्रीऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेख आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीपर्यंत हे आपलं तीर्थ होतं.

मग खाडीत गाळ भरत गेला, जहाजं आत येईनाशी झाली. ठाणं मोठं झालं, नंतर पोर्तुगीजांची वसई मोठी झाली. सोपाऱ्याचं गाव झालं आणि आता त्या गावाभोवती इमारतींचं शहर झालं आहे.

ईश्वरीचा लाख मोलाचा भात

सोपाऱ्याची जी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, ती एका स्वयंपाकघरातली आहे. पर्युषणात पाट परंपरेचं वाचन होतं तेव्हा आर्य वज्रस्वामी आणि त्यांचे शिष्य वज्रसेनसूरी यांची नावं तुम्ही ऐकली असतील. हेमचंद्राचार्यांच्या 'परिशिष्टपर्वा'तही ही कथा आहे.

बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. साधूंना गोचरी मिळेना. वज्रस्वामींनी वज्रसेनांना सांगितलं होतं, 'ज्या दिवशी लाख मोलाच्या भाताची भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल असं समज.' विहार करत वज्रसेन सोपाऱ्याला आले. तिथे जिनदत्त नावाचे श्रावक आणि त्यांची पत्नी ईश्वरी राहत होती. घरात पैसा होता, पण बाजारात धान्यच नव्हतं. त्या दिवशी लाख नाणी मोजून एका वेळचे तांदूळ मिळाले होते. ईश्वरीने भात शिजवला. रोज उपासमार सोसण्यापेक्षा एकदाच सगळं संपवू, म्हणून त्यात विष कालवायचं ठरलं होतं. विष हाताशी होतं, कालवलेलं नव्हतं. तेवढ्यात दाराशी 'धर्मलाभ' ऐकू आला.

ईश्वरीने काय केलं, ते पाहा. मरायला निघालेल्या घरातही तिला वाटलं की साधू महाराज आले आहेत तर आधी वहोरावं. तिने शुद्ध भात वहोरला आणि मनातलं सगळं सांगितलं. भाताचं मोल ऐकताच वज्रसेनांना गुरूंचं वचन आठवलं. 'थांबा, उद्या सुकाळ होणार आहे.' दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजं बंदराला लागली.

पुढे या सगळ्या कुटुंबाने दीक्षा घेतली. त्यांचे चार पुत्र नागेंद्र, चंद्र, निर्वृति आणि विद्याधर. या चौघांच्या नावांनी चार कुळं निघाली. आपला तपागच्छ आपली परंपरा चंद्रकुळाशी जोडतो. त्या घरात त्या दिवशी हात थांबला नसता तर पाट परंपरेत ही नावं आली नसती.

पट्टावलीप्रमाणे वज्रस्वामींचा स्वर्गवास वीरनिर्वाण ५८४ मधला, म्हणजे हा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा. पेरिप्लस लिहिणाऱ्याने सोपारा बंदराचं नाव लिहिलं तेही याच शतकात. कथा ही श्रद्धेने सांगितलेली असते हे खरं, पण बाहेरचं धान्य जहाजाने उतरावं असं हे बंदर होतं, याला परक्या लेखकाचीही साक्ष आहे.

सोन्याच्या डबीत मातीचे तुकडे

आता आज तिथे काय दिसतं ते सांगते. सोपारा गावात विटांचा एक मोठा उंचवटा आहे. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला तेव्हा कळलं की हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे. मधोमध दगडाची एक पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि भोवती काशाच्या आठ छोट्या मूर्ती. करंडकाच्या आत चांदीची डबी, तिच्या आत दगडाची, तिच्या आत स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची. सोन्याची फुलं होती, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. आणि त्या सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे समजून जपले होते. हा सगळा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

व्यापाऱ्यांच्या या गावाने सोन्याच्या आत काय ठेवलं, तर एका श्रमणाचं मातीचं पात्र! आपल्या साध्वीजी महाराजांचे पातरे आपण किती जपून हाताळतो, ते आठवा, म्हणजे त्या लोकांचं मन कळेल.

माझ्या नणंदेने मला विचारलं होतं, 'वहिनी, ते तर बौद्धांचं. आपण तिथे कशाला जायचं?' प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की आपली पूजा आपल्या देरासरातच, त्यात काही बदल नाही. पण शेजारी ज्याला पूज्य मानतो ते काय आहे, हे जाणून घेण्याने आपली श्रद्धा पातळ होत नाही. शिवाय ज्या अशोक राजाचे लेख सोपाऱ्यात मिळाले, त्याचाच नातू संप्रति महाराजा. आर्य सुहस्तीसूरींचा हा भक्त आपल्याकडे किती आदराने आठवला जातो! आजोबांचं लिहिलेलं वाचायला काय हरकत आहे?

राजाने बायकांना काय म्हटलं

अशोकाचे मोठे शिलालेख देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. सोपाऱ्यात त्यांतल्या दोन लेखांचे तुकडे मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलालांना १८८२ साली भातेला तळ्याजवळ मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला सापडला.

आठवा लेख सहलीबद्दल आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मौज करत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांना भेटून त्यांना मदत करायची, गावोगावच्या लोकांशी बोलायचं. आपण तीर्थयात्रेची बस ठरवतो तेव्हा हे वाचण्यासारखं आहे. आपण तर अर्धा वेळ नाश्त्याचे डबे मोजण्यात घालवतो.

नववा लेख वाचून मात्र मला आधी रागच आला. राजा म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, बाळंतपणात, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात आणि त्यातही बायका तर पुष्कळ क्षुद्र आणि निरर्थक मंगलं करतात. घ्या! बावीसशे वर्षांपूर्वीही बोल आमच्याच माथी. पण पुढे तो खरं मंगल कशाला म्हणतो तेही सांगतो. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. हे मंगल कधी वाया जात नाही, असं तो म्हणतो.

बायकांबद्दलचं त्याचं बोलणं मला पटत नाही. आजारी लेकराच्या उशाशी जागून आई जो नवकार म्हणते, तो निरर्थक म्हणायची माझी तयारी नाही. पण यादीतली पहिलीच गोष्ट पाहा. देवधर्माच्याही आधी घरातला नोकर आला आहे. आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई पाड्यावरून तासभर चालत येते. तिला आपण बसायला काय देतो, पाणी कुठल्या पेल्यात देतो, पारण्याच्या दिवशी तिच्या पानात आपल्यासारखंच वाढतो का? हे प्रश्न मी स्वतःला विचारले आणि तुम्हीही विचारावे असं मला वाटतं.

नाव, पाणी आणि भात

सोपाऱ्याबद्दल वाचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. या किनाऱ्यावरचे राजवाडे गेले, बाजार गेले, बंदरंही बुजली. लेखांमध्ये टिकून राहिली ती प्रवाशांची सोय.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारा इथे वाटसरूंसाठी निवारे बांधले. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची! शिवाय या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसायला सभा आणि प्यायला प्रपा, म्हणजे पाणपोया केल्या. त्याच लेण्यात त्याच्या बायकोचाही लेख आहे. तिचं नाव दक्षमित्रा. तिने एक ओवरी दान दिली. नवऱ्याच्या लेखात नुसतं नाव न येता तिच्या दानाचा वेगळा लेख कोरला गेला, हे मला फार आवडलं.

नाणेघाटात पाण्याचं एक टाकं आहे, त्यावरचा लेख सांगतो की हे सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. गाव किनाऱ्यावर आणि पाणी दिलं ते घाटाच्या चढावर, दमलेल्या अनोळखी माणसाला.

आणि आता अगदी आपल्या दाराशी या. तारापूरला लागून असलेल्या चिंचणीत १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, इसवी सन ९२६ चा. त्या वेळी संजाणच्या प्रदेशावर मधुमती नावाचा अधिकारी राज्य पाहत होता. मधुमती म्हणजे मुहंमद, जातीने अरब. राष्ट्रकूट राजाने नेमलेल्या या अरब अधिकाऱ्याने संजाणजवळच्या दोन नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या आणि एक अन्नछत्र घातलं, जिथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. असं त्या ताम्रपटात लिहिलं आहे.

उषवदात शक, गोविंददास व्यापाराच्या गावचा, मधुमती अरब आणि ईश्वरी श्राविका. धर्म वेगळे, काळ वेगळे. पण या किनाऱ्यावर पुण्य म्हटलं की सगळ्यांना सुचलं ते पाणी, नाव आणि भात.

हे वाचलं तेव्हा आमच्या घरी एक वाद चालू होता. जाऊबाईंची अठ्ठाई झाली होती. पारण्याला बँड किती मोठा, प्रभावनेत चांदीची वाटी द्यायची की स्टीलचा डबा, यावर चार संध्याकाळी गेल्या. मी दक्षमित्रेची आणि गोविंददासाची गोष्ट सांगितली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, 'वाटी लहान करा. उरलेल्या पैशात उन्हाळ्यात चार महिने पाणपोई चालेल.' बँड आलाच, तो काही कमी झाला नाही. पण चैत्रात रस्त्याच्या कडेला माठ बसले. एमआयडीसीतून पाळी संपवून चालत जाणारी माणसं तिथे थांबतात, पाणी पितात आणि पुढे जातात. कुणी नाव विचारत नाही.

साध्वीजी महाराज अहमदाबाद हायवेने विहार करत येतात तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणी पहाटे उठून पाणी उकळतात, ठारतात, मुक्कामी पोचवतात. काठावरच्या प्रपेचंच हे काम आहे. ते लहान समजू नका.

जायचं कसं, पाहायचं काय

डहाणू-विरार लोकलने विरारला उतरा. तिथून पुढची लोकल घेऊन नालासोपारा, आणि पश्चिमेला बाहेर पडा. 'सोपारा गाव, बौद्ध स्तूप' म्हटलं की रिक्षावाले नेतात. स्तूप पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. विटा बारकाईने पाहा. मुलांना त्यावर चढू देऊ नका. बौद्ध बांधव तिथे वंदनेला येतात, तेव्हा आवाज न करता थांबावं.

जवळच चक्रेश्वर तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे. तिथे ब्रह्मदेवाची एक सुंदर जुनी मूर्ती आणि इतर जुनी शिल्पं आहेत. एका गावात किती परंपरा शेजारी शेजारी नांदल्या, ते तिथे कळतं.

परत विरारला येऊन पश्चिमेकडून आगाशीला जा. श्रीमुनिसुव्रतस्वामींचं तीर्थ तुम्हाला ठाऊक आहेच. मूळनायकांची प्रतिमा सोपाऱ्याच्या तळ्यातून निघाली आणि मुंबईचे मोतीशा शेठ यांचा या देरासराशी संबंध, अशी परंपरा सांगतात. म्हणजे सोपारा पाहून आगाशीला दर्शन केलं की धागा पूर्ण होतो. तिथे पूजा-सेवा करून, चोविहाराच्या आधी घरी पोचता येतं.

सोबत उकळलेलं पाणी, खाखरे आणि टोपी घ्या. पावसाळ्यात गवत-चिखलात जीव फार असतात, म्हणून मार्गशीर्ष ते माघ हे दिवस चांगले. मुलांना जाण्याआधी ईश्वरीची गोष्ट सांगा, नाहीतर त्यांना तिथे नुसत्या विटा दिसतील. एखाद्या मुलाने विचारलंच, की ती जहाजं कुठे लागली, तर त्याला इमारतींच्या मागे उरलेली खाडी दाखवा. आज ती नाल्यासारखी दिसते. आपण त्यात कचरा टाकायचा नाही, एवढं तरी त्याला त्या दिवशी नक्की समजेल.

पुढच्या ओळीत श्रीपाळ महाराज सोपारकला पोचतील तेव्हा रास वाचणाऱ्या ताईंना थोडं थांबायला सांगा आणि शेजारच्या पोरीसोरींना सांगा, की हे गाव आपल्या गाडीच्या रस्त्यावर आहे.

जय जिनेंद्र.